घोस्ट्स ऑन द लूज

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील अमेरिकन कृष्णधवल विनोदी चित्रपट. जुलै १९४३ मध्ये प्रदर्शित झालेल्या या तासाभराच्या चित्रपटाचे दिग्दर्शक विल्यम बोडीन, तर निर्माते सॅम कॅट्झमन व जॅक डीट्झ होते. ‘ईस्ट साइड किड्स’ मालिकेतला हा चित्रपट मोनोग्राम पिक्चर्सने पडद्यावर आणला. मोनोग्रामसारख्या तुटपुंज्या भांडवलावर चालणाऱ्या स्टुडिओंना हॉलिवूडमध्ये ‘पॉव्हर्टी रो’, म्हणजे दारिद्र्याची आळी, म्हणत. तिथे चित्रीकरण थोडक्या दिवसांत आणि मोजक्या सेटवर उरकावे लागे. बोडीन यांना तर ‘वन शॉट’, म्हणजे एकाच टेकमध्ये दृश्य उरकणारा, हे टोपणनावच पडले.

मालिकेचे मूळ गंभीर आहे. सिडनी किंग्स्ली यांच्या ‘डेड एंड’ (१९३५) या नाटकात न्यूयॉर्कच्या झोपडवस्तीत वाढणारी पोरे होती. विल्यम वायलर यांनी १९३७ मध्ये त्यावर चित्रपट केला, तेव्हा रंगभूमीवरची ती पोरेच हॉलिवूडला आली. पुढे ती एका स्टुडिओतून दुसऱ्यात जात राहिली आणि त्यांच्या गोष्टींतली गरिबी मागे पडून वात्रटपणा पुढे आला. ‘ईस्ट साइड किड्स’चे २२ चित्रपट १९४० ते १९४५ या काळात निघाले. त्यातली उनाड पोरे साकारणारे नट एव्हाना पोरे राहिले नव्हते. टोळीचा म्होरक्या मग्ज साकारणारा लिओ गॉर्सी १९४३ मध्ये २६ वर्षांचा होता.

टोळीतल्या ग्लिम्पीच्या (हंट्झ हॉल) बहिणीचे लग्न होते. नवदांपत्याचे नवे घर झाडूनपुसून ठेवावे म्हणून टोळी निघते, पण चुकून शेजारच्या ‘भुताटकीच्या’ घरात शिरते. तळघरात भुते नसतात. तिथे नाझी हेरांचा छापखाना असतो आणि प्रचारपत्रके छापली जात असतात. झपाटलेल्या घराची कथा हॉलिवूडला नवी नव्हती. अशा कथेत भुतांआड सहसा चोर किंवा वारसाहक्कासाठी टपलेला नातलग निघे. अमेरिका युद्धात उतरल्यावर त्या जागी शत्रूचा हेर आला, बाकी साचा तसाच राहिला. इतिहासाच्या दृष्टीने मला या चित्रपटातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. शेवटी ग्लिम्पीला जर्मन गोवर होतो आणि अंगावर पुरळ उठते ते स्वस्तिकाच्या आकाराचे. येथे अर्थातच नाझींचे चिन्ह अभिप्रेत आहे.

हेरांचा प्रमुख एमिल झाला आहे बेला लुगोसी. १९३१ मध्ये ड्रॅक्युला साकारून गाजलेला हा हंगेरियन नट आता मोनोग्रामच्या स्वस्त भयपटांवर गुजराण करत होता. या टोळीबरोबर तो १९४१ मध्येही झळकला होता. इथे त्याच्या वाट्याला फारसे काम नाही, तरी त्याची एक शिंक अजून आठवली जाते. तिच्यात चक्क शिवी ऐकू येते, असे अनेक प्रेक्षक म्हणतात. वधूच्या भूमिकेत एमजीएम या बड्या स्टुडिओकडून उसनी आणलेली तरुण अ‍ॅव्हा गार्डनर आहे.

टोळीतल्या स्क्रूनोची भूमिका करणारा अर्नेस्ट ‘सनशाइन सॅमी’ मॉरिसन मूकपटांच्या काळातला नामवंत कृष्णवर्णीय बालनट. गोऱ्या पोरांच्या टोळीत त्याला बरोबरीची जागा आहे, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. तरीही भुताला घाबरण्याचे ठरावीक विनोद त्याच्याच गळ्यात मारलेले पाहताना आज वाईट वाटते.

टोळीतला डॅनी साकारणारा बॉबी जॉर्डन त्याच वर्षी लष्करात गेला. १९४६ पासून टोळीतली काही मंडळी ‘बावरी बॉइज’ या नावाने पुढे आली आणि १९५८ पर्यंत त्यांचे आणखी ४८ चित्रपट निघाले.