मायक्रोस्कोपच्या भिंगांमधला गोंद: कॅनडा बाल्समपासून यूव्हीपर्यंत

एकट्या भिंगातून बघितलं की वस्तूच्या कडेला रंगीत झालर दिसते, ती घालवायला क्राउन काचेचं (प्रकाशाचे रंग कमी फाकवणारी काच) फुगीर भिंग आणि फ्लिंट काचेचं (रंग जास्त फाकवणारी) खोलगट भिंग जोडीने वापरतात. १८२०च्या दशकात पॅरिसमध्ये भिंगं बनवणारे शेव्हालिए मायक्रोस्कोपसाठी अशा जोड्या बनवायला लागले, आणि १८३० मध्ये लंडनच्या जोसेफ जॅक्सन लिस्टरने (अँटिसेप्टिकवाल्या लिस्टरचे वडील, धंदा वाईनचा!) त्या कशा बसवल्या की चित्र स्वच्छ येतं ते मांडलं.

आता दोन काचांमध्ये हवा राहिली तर प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के प्रकाश मागे फिरतो, आणि तेव्हा हे परावर्तन कमी करणारं कोटिंग वगैरे काही नव्हतंच, म्हणून मग गोंद. तो आला कॅनडातल्या बाल्सम फर झाडाच्या सालीवरच्या फोडांमधून. हे राळेसारखं चिकट द्रव्य सुकलं तरी त्याचे खडे होत नाहीत, पारदर्शकच राहतं, आणि अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचं माप) १.५३-१.५५ म्हणजे काचेच्या इतका जवळ की जोड दिसतच नाही. गंमत म्हणजे १८२८ मध्ये एडिंबराच्या विल्यम निकॉलने नेमका उलटा उपयोग केला, किरणाचे दोन किरण करणाऱ्या कॅल्साइट या स्फटिकाचे दोन तुकडे याच बाल्समने जोडले तर एक किरण आरपार जातो आणि दुसरा गोंदाच्या थरावरून बाहेर फेकला जातो, झाला पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणारी चाळणी!

काम हाताचंच. भिंगं गरम करायची, बाल्समचा थेंब टाकायचा, वरचं भिंग ठेवून हळूहळू फिरवत बुडबुडे बाहेर काढायचे आणि गार व्हायच्या आत दोघांचं केंद्र जुळवायचं.

पण बाल्सम कालांतराने पिवळं पडतं, कडेने सुकून सुटतं, उन्हाने मऊ होतं, कडक थंडीत तडकतं. दुसऱ्या महायुद्धात वाळवंटापासून उंच उडणाऱ्या विमानांपर्यंत सगळीकडे दुर्बिणी न्यायच्या होत्या, तिथे हे परवडेना, मग कृत्रिम गोंदांचा शोध जोरात सुरू झाला. पुढे इपॉक्सी (कडक होणारे कृत्रिम गोंद) आले, यूव्हीने, म्हणजे अतिनील प्रकाशाने, घट्ट होणारे आले. यूव्हीवाल्याचं सुख असं की दिवा लावेपर्यंत तो पातळच राहतो, केंद्र जुळवायला हवा तेवढा वेळ मिळतो.

तरी माझ्या मते नवा गोंद सगळ्याच बाबतीत सरस नाही. काही भारी भिंगांत काचेऐवजी वापरतात ते फ्लोराइट स्फटिक तापलं की साध्या काचेपेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावतं, त्यामुळे फार कडक गोंदाने जोडलं तर ताण येतो. आणि दुरुस्तीचं म्हणाल तर बाल्समची जोडी हळूहळू तापवली की सरकून सुटते, झायलीन या द्रावकाने पुसा आणि परत चिकटवा, पण इपॉक्सी सोडवायला जाल तर काचच तडकायची भीती.