व्हँकूव्हर हिवाळी ऑलिंपिक, २०१० : प्रवास व वाहतूक

कॅनडातील व्हँकूव्हर येथे १२ ते २८ फेब्रुवारी २०१० या काळात हिवाळी ऑलिंपिक झाले. त्यासाठी शहरात, उपनगरांत आणि डोंगरावरील क्रीडास्थळांकडे जाण्यायेण्याची जी व्यवस्था उभारली गेली, तिची ही नोंद. प्रेक्षकाच्या खाजगी मोटारीला या व्यवस्थेत जवळजवळ जागाच नव्हती. शहरात हे धोरण चांगले चालले, डोंगरावर त्याला कष्ट पडले.

हिवाळी स्पर्धेचा यजमान सहसा एकाच जागी मावत नाही. बर्फावरचे घसरखेळ डोंगरात, तर बंदिस्त रिंकवरचे खेळ सपाटीवरच्या शहरात होतात. १९८० साली लेक प्लॅसिड या लहानशा अमेरिकी गावात बससेवा कोलमडून प्रेक्षक थंडीत ताटकळले होते. पुढच्या आयोजकांना तो धडा सतत सांगितला जाई. व्हँकूव्हरचा भूगोल तर आणखी अडचणीचा. शहराच्या मध्यभागाला तीन बाजूंनी पाणी, उत्तरेला खाडीपलीकडे डोंगर, आणि स्कीइंगचे मुख्य ठिकाण व्हिसलर सुमारे १२० किमी. दूर. तिथे जाणारा थेट रस्ता एकच.

शहरातील सर्वांत मोठी भर म्हणजे कॅनडा लाइन. १९ किमी. लांबीची आणि सुरू झाली तेव्हा १६ स्थानकांची ही चालकविरहित रेल्वे मध्यवर्ती व्हँकूव्हरला विमानतळाशी आणि रिचमंड उपनगराशी जोडते. २००४ मध्ये प्रादेशिक परिवहन मंडळाने हा प्रस्ताव दोनदा फेटाळला होता. त्याच वर्षी तो अखेर संमत झाला. १७ ऑगस्ट २००९ रोजी, ठरल्या मुदतीच्या तीनेक महिने आधी, गाड्या धावू लागल्या. विमानतळावरून शहराच्या मध्यभागातील वॉटरफ्रंट स्थानकाला पोचायला पंचवीस-सव्वीस मिनिटे पुरू लागली. स्पर्धेच्या काळात या मार्गावर दिवसाला सरासरी २ लाख २८ हजार प्रवासी होते. स्पीड स्केटिंगचे प्रेक्षक रिचमंडला उतरून ओव्हल या तिथल्या बंदिस्त स्केटिंग क्रीडागृहाकडे पायी जात. आइस हॉकीच्या मुख्य मैदानासाठी आणि उद्घाटन सोहळ्याच्या बीसी प्लेस स्टेडियमसाठी मात्र स्कायट्रेन या जुन्या शहरी रेल्वेचे स्टेडियम–चायनाटाउन स्थानक जवळचे. ही जुनी लाइन १९८६ च्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने बांधली गेली होती. मोठा पाहुणा यायचा ठरला की रेल्वेला पैसे मिळतात, हा या शहराचा अनुभव दोनदा तरी खरा ठरला आहे.

कॅनडा लाइनची किंमत केवळ सुमारे २ अब्ज डॉलर नव्हती. मार्गातल्या केंबी स्ट्रीटवर भुयार खणण्याऐवजी रस्ताच वरून उकरून मार्ग टाकला गेला आणि तिथल्या दुकानदारांचे गिऱ्हाईक कित्येक महिने तुटले. गरोदर स्त्रियांच्या कपड्यांचे दुकान चालवणाऱ्या एका महिलेने दावा लावला. २००९ मध्ये तिला ६ लाख डॉलरची भरपाई मंजूर झाली, पण २०११ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला. काटकसर आणखी एका ठिकाणी दिसते. या लाइनचे फलाट ४० ते ५० मीटर लांबीचे, म्हणजे जुन्या लाइनच्या फलाटांहून बरेच तोकडे आहेत. गाड्या दोन डब्यांच्या. गर्दीच्या त्या सतरा दिवसांत हे बांधकाम छोटे पडते हे उघड दिसले.

रेल्वे सोयीची होतीच, पण लोक तिच्याकडे वळले त्याला दुसरेही कारण होते : क्रीडास्थळांवर प्रेक्षकांसाठी पार्किंगच ठेवले नव्हते. सामन्याच्या तिकिटावर त्या दिवशीचा महानगर क्षेत्रातील बस-रेल्वे प्रवास मोफत होता. मध्यवर्ती भागातील मोटारींची वर्दळ ३० टक्क्यांनी घटवण्याचे शहराचे उद्दिष्ट होते व ते गाठले गेले. काही रस्त्यांवर अधिकृत वाहनांसाठी आणि बससाठी मार्गिका राखून ठेवल्या. ग्रॅनव्हिल व रॉब्सन रस्त्यांचे भाग पादचाऱ्यांना मोकळे केले. मैदानांना लागून असलेले जॉर्जिया व डन्समुअर हे उड्डाणपूल सुरक्षेसाठी बंद राहिले. त्यांच्यावाचून शहर अडले नाही, ही गोष्ट नंतर ते पाडावेत म्हणणाऱ्यांच्या हाती आयतीच सापडली. २०१५ मध्ये नगर परिषदेने ते काढून टाकण्याच्या बाजूने मत दिले. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाने दोन आठवडे वर्ग बंद ठेवले, त्यामुळे एरवी तिकडे जाणाऱ्या बसवरचा ताण हलका झाला. खाडीपार उत्तर व्हँकूव्हरला नेणाऱ्या सीबसच्या ताफ्यात तिसरी बोट आली होती.

सर्वांत लाडकी सेवा मात्र सर्वांत छोटी होती. ग्रॅनव्हिल बेटापासून ऑलिंपिक व्हिलेज स्थानकापर्यंत, जेमतेम १.८ किमी., ब्रुसेल्सहून उसन्या आणलेल्या दोन ट्राम २१ जानेवारी ते २१ मार्चपर्यंत फुकट धावल्या. साडेपाच लाखांहून अधिक फेऱ्या लोकांनी केल्या. मग ट्राम परत गेल्या आणि कायमची लाइन काही झाली नाही.

डोंगराकडचे चित्र वेगळे. व्हिसलरला जाणारा ‘सी टू स्काय’ महामार्ग, अर्थात महामार्ग ९९, सुमारे ६० कोटी डॉलर खर्चून रुंद व सुरक्षित करण्यात आला. समुद्र आणि कडा यांच्यामधला हा रस्ता आधी अपघातांसाठी कुप्रसिद्ध होता, त्यामुळे कामाची गरज होतीच. पण या मार्गावरील ईगलरिज ब्लफ्स येथील जंगल व पाणथळ कापण्यास २००६ मध्ये आंदोलकांनी विरोध केला आणि अटका झाल्या. त्यांपैकी मूलनिवासी ज्येष्ठ स्त्री हॅरिएट नाहानी यांना जानेवारी २००७ मध्ये चौदा दिवसांची कैद झाली. सुटकेनंतर, फेब्रुवारीतच, न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. स्पर्धेच्या काळात वाटेतल्या स्क्वामिश गावाच्या उत्तरेला तपासणी नाके होते व दिवसा परवान्याशिवाय खाजगी गाडी पुढे सोडत नसत. प्रेक्षकांनी आगाऊ आरक्षण करून ऑलिंपिक बसने जायचे, पहाटे निघून रात्री परतायचे.

खरी कसोटी सायप्रस माउंटनवर लागली. शहराच्या अगदी जवळच्या या डोंगरावर स्नोबोर्डिंग व फ्रीस्टाइल स्कीइंग होणार होते. पण जानेवारी २०१० विक्रमी उबदार निघाला. बर्फ मॅनिंग पार्कमधून ट्रकने आणि उंचावरून हेलिकॉप्टरने वाहून आणावा लागला, उतारांखाली गवताच्या पेंढ्या भरल्या गेल्या. पावसाने उभे राहण्याची जागा खचली तेव्हा उभ्याने पाहण्याची सुमारे २८ हजार तिकिटे रद्द करून पैसे परत केले. पहिल्या दिवसांत बाहेरून भाड्याने आणलेल्या काही बसही त्या चढावर बंद पडल्या. स्पर्धेच्या वाहतूक आराखड्यात हवामानाचा विचार बर्फ फार पडला तर काय, असाच केलेला असतो. बर्फच नसला तर काय, हा प्रश्न इथे पुढे आला.

व्हिसलर गावात बीसी ट्रान्झिट या प्रांतिक बससंस्थेने हायड्रोजन इंधनघटावर चालणाऱ्या २० बस उतरवल्या. धूर नाही, फक्त वाफ, म्हणून त्यांची जाहिरात मोठी झाली. इंधन मात्र कॅनडाच्या दुसऱ्या टोकाहून, क्वेबेकमधून, ट्रकने येत असे. खर्च परवडेना, तेव्हा २०१४ मध्ये या बस सेवेतून काढल्या आणि त्यांच्या जागी पुन्हा डिझेल बस आल्या.