जास्त मेगापिक्सेल म्हणजे चांगला फोटो?

स्वस्तातला कॅमेरा घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: ‘किती मेगापिक्सेलचा?’ जितके जास्त तितका फोटो चांगला, हा समज इतका मुरलाय की खोक्यावरही तोच आकडा ठळक छापतात. प्रत्यक्षात तो फक्त फोटोचा आकार, म्हणजे फोटो किती ठिपक्यांचा (पिक्सेलचा) बनलाय ते सांगतो; एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख पिक्सेल. ८ बाय १० इंचाच्या सुबक प्रिंटला ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) साधारण ७.२ मेगापिक्सेल पुरतात. फुल एचडी पडद्याला तर जेमतेम २.

खरी मेख सेन्सरच्या, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या चिपच्या आकारात आहे. खिशात मावणाऱ्या छोट्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यात बहुतेकदा ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा सेन्सर असतो, करंगळीच्या नखाहूनही लहान. त्यावर जितके पिक्सेल कोंबाल तितका प्रत्येकाच्या वाट्याला उजेड कमी. मग संध्याकाळी घरात काढलेल्या फोटोत काळ्या केसांवर रंगीत ठिपके उमटतात, आणि ते पुसायच्या नादात कॅमेरा भुवयांचाही पार लेप करून टाकतो. लेन्स बदलता येणाऱ्या बऱ्याच कॅमेऱ्यांत असणाऱ्या एपीएस-सी सेन्सरचं क्षेत्रफळ याच्या सुमारे १३ पट असतं.

फोटो भरपूर क्रॉप करायचा, म्हणजे कापून हवा तेवढाच भाग ठेवायचा असेल तर जादा मेगापिक्सेल कामाला येतात, नाही असं नाही. पण भर उन्हातले नमुने बघून कॅमेरा पसंत करू नका. मंद दिव्यात काढलेला एखादा फोटो पडद्यावर १०० टक्क्यांवर, म्हणजे पूर्ण मोठा करून (फोटोचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर) उघडून बघा.