पूर्णांकातून टाइमस्टॅम्प: रूपांतरामागची पार्श्वभूमी
पोस्टग्रेसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) या डेटाबेसच्या फंक्शनमध्ये तारखेचा टाइमस्टॅम्प, म्हणजे तारीख आणि वेळ मिळून होणारी नोंद, सहज होतो. पूर्णांक मात्र थेट कास्ट करायला, म्हणजे टाइमस्टॅम्प प्रकारात बदलायला गेलं की एरर येते. माझ्या मते हा नकार अगदी योग्य आहे. मोजणी कुठून सुरू झाली आणि एकक कोणतं, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही.

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या 1971 मधल्या पहिल्या मॅन्युअलमध्ये वेळ 1 जानेवारी 1971 पासून मोजलेली आहे, आणि तीही सेकंदाच्या साठाव्या भागांत! 32 बिटांत अशी मोजणी जेमतेम सव्वादोन वर्षं पुरते. म्हणून पुढे एकक पूर्ण सेकंद झालं आणि आरंभ 1 जानेवारी 1970 वर स्थिरावला. चिन्हांकित (अधिक-उणे दोन्ही आकडे मावणाऱ्या) 32 बिटांत तीही मोजणी 19 जानेवारी 2038 ला संपते. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या टाइमस्टॅम्प प्रकाराची मर्यादा तीच.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या जुन्या डेटटाइम प्रकाराने वेगळी वाट धरली. तिथे शून्य म्हणजे 1 जानेवारी 1900, आणि पूर्णांक म्हणजे दिवस. पोस्टग्रेसमध्येही तारखेत 1 मिळवला की पुढचा दिवस मिळतो, पण टू_टाइमस्टॅम्प फंक्शनला दिलेला 1 म्हणजे एक सेकंद. हे एकच आकडा घेणारं फंक्शन 8.1 आवृत्तीत आलं. त्याआधी 1970 च्या आरंभात तेवढ्या सेकंदांचा इंटरव्हल (कालावधी) हाताने मिळवावा लागे. ती जुनी पद्धत मला आजही आवडते, कारण एकक कोडमध्येच लिहिलेलं दिसतं. खुद्द पोस्टग्रेस आतमध्ये 1 जानेवारी 2000 पासूनचे मायक्रोसेकंद साठवतं, पण त्याचा आपल्याला कधी पत्ता लागत नाही.

जावासारख्या भाषांनी मिलिसेकंद रूढ केले आणि गोंधळ वाढला. हजाराने भागायचं राहिलं, तर सन 50,000 च्याही पुढची तारीख मिळते. एरर येत नाही, कारण पोस्टग्रेसची मर्यादा सन 2,94,276 पर्यंत आहे. भागताना 1000.0 लिहावं, नाहीतर सेकंदाचा अपूर्णांक गळून पडतो.

तारखेचं रूपांतर सोपं दिसतं, कारण तिला फक्त मध्यरात्र जोडली जाते. पण टाइमझोनसह टाइमस्टॅम्प हवा असेल, तर ही मध्यरात्र सेशनच्या, म्हणजे डेटाबेसशी चालू असलेल्या जोडणीच्या, टाइमझोनवर ठरते. म्हणून पोस्टग्रेस ते रूपांतर अपरिवर्तनीय (नेहमी तेच उत्तर देणारं) मानत नाही, आणि इंडेक्सच्या, म्हणजे शोध वेगवान करणाऱ्या सूचीच्या, एक्स्प्रेशनमध्ये ते चालत नाही. फंक्शनमध्ये टाइमझोन स्पष्ट लिहिला, तर ही अडचण उरत नाही.