तुर्की भाषेतील व्यक्तिवर्णन व मतप्रदर्शन

माणसाचे रूप व स्वभाव सांगण्यासाठी आणि त्याच्याविषयी मत देण्यासाठी तुर्की भाषेत वापरली जाणारी शब्दरूपे व वाक्यरचना. मराठीप्रमाणे तुर्कीतही क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. मात्र या भाषेत व्याकरणिक लिंग नाही. तो, ती आणि ते या तिन्हींसाठी ‘ओ’ हे एकच सर्वनाम असून नामापूर्वीचे विशेषणही बदलत नाही. ‘ओ चालिश्कान’ हे वाक्य कष्टाळू पुरुषाविषयी आहे की स्त्रीविषयी, ते संदर्भावरूनच कळते. येथे ‘आहे’साठी वेगळा शब्दही लागत नाही.

वर्णनाचा बराचसा भार ‘असलेला’ या अर्थाच्या ‘ली’ (‘लू’, ‘ल्यू’) या एका प्रत्ययावर असतो. ‘बोय’ म्हणजे उंची, त्यावरून ‘उझुन बोय्लू’ म्हणजे उंच. ‘ग्योझ’ म्हणजे डोळा, त्यावरून ‘माव्ही ग्योझ्ल्यू’ म्हणजे निळ्या डोळ्यांचा किंवा डोळ्यांची. प्रत्ययातील स्वर मूळ शब्दातील शेवटच्या स्वराशी जुळवून घेतो, म्हणून ‘आकिल’ (अक्कल) या शब्दापासून ‘आकिल्ली’ (हुशार) होते आणि अभावदर्शक प्रत्ययाने ‘आकिल्सिझ’, म्हणजे आपला ‘बेअक्कल’.

अरबी-फारसीतून दोन्ही भाषांत आलेले असे शब्द मराठी भाषकाला ओळखीचे वाटतात आणि तेथेच तो फसतो. तुर्कीत ‘नाझिक’ माणूस नाजूक नसून सौजन्यशील असतो, ‘गारिप’ माणूस गरीब नसून विचित्र असतो, तर ‘द्युरुस्त’ म्हणजे प्रामाणिक.

मत देताना सर्वनामाला ‘जे’ जोडून ‘बेन्जे’ (माझ्या मते), ‘सेन्जे’ (तुझ्या मते) आणि आदरार्थी ‘सिझ्जे’ (तुमच्या मते) ही रूपे होतात. ‘बेन्जे हाक्लिसिन’ म्हणजे ‘माझ्या मते तुझे बरोबर आहे’. यातील ‘हाक्ली’चा शब्दशः अर्थ ‘हक्क असलेला’ असा होतो.

लिंगाबाबत उदासीन असलेली ही भाषा माहिती कोठून मिळाली याबाबत मात्र दक्ष आहे. एखाद्याविषयी ‘इयी बिरी’ म्हटले, की ‘चांगला माणूस आहे’ याची हमी बोलणारा स्वतः घेतो. ‘इयी बिरीय्मिश’ म्हटले, तर ‘चांगला माणूस आहे म्हणे’ असा ऐकीव अर्थ होतो. मराठीत ‘म्हणे’ हा सुटा शब्द जे काम करतो, ते येथे ‘मिश’ प्रत्यय करतो. त्याचा आणखी एक उपयोग ‘म्हणे’ला जमत नाही: त्या माणसाला प्रथमच समोर पाहून ‘उझुन बोय्लूय्मुश’ म्हटले, तर त्याचा अर्थ ‘अरे, हा तर चांगला उंच निघाला!’ असा होतो.