तरण तलावातील संसर्ग

सार्वजनिक तरण तलावाचे पाणी, काठावरची ओली फरशी किंवा एकमेकांचे टॉवेल यांमार्फत पसरणारे आजार. त्यांत जुलाब सर्वाधिक आढळतात. कान, डोळे व त्वचेचे विकारही होतात.

बडोद्यात विश्वामित्रीच्या पात्रात मगरी आहेत, त्यामुळे नदीत पोहायला शिकायची सोय नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुले जातात ती लालबागच्या तलावासारख्या ठिकाणी. अशा तलावाला गुजरातीत ‘स्नानागार’ म्हणतात. शब्द सुरेख आहे, पण साबण लावून अंघोळ करायची ती तलावात उतरण्याआधी, हे प्रत्येक मुलाला पहिल्याच दिवशी सांगायला हवे. क्लोरीन घाम, तेल आणि लघवीशी संयोग पावून खर्ची पडते व क्लोरामाइन तयार होते. डोळे चुरचुरतात आणि तो उग्र वास येतो तो याचा. वास आला म्हणजे पाणी स्वच्छ, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

पाण्यात लिटरमागे साधारण १ ते ३ मिलिग्रॅम मुक्त (खर्ची न पडलेले) क्लोरीन आणि ७.२ ते ७.८ सामू (पीएच) राखला, तर बहुतेक जंतू काही मिनिटांत मरतात. सामू वाढला की तेवढेच क्लोरीन दुबळे पडते. उघड्या तलावात बडोद्याचे वैशाखी ऊनही ते झपाट्याने नष्ट करते. म्हणून सकाळी एकदा मोजून भागत नाही.

अपवाद क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीचा. जिआर्डिया या दुसऱ्या परजीवीला लिटरमागे १ मिलिग्रॅम क्लोरीन सुमारे ४५ मिनिटांत मारते. क्रिप्टोस्पोरिडियम मात्र जाड कवचामुळे त्याच पाण्यात आठवड्याहून अधिक काळ तग धरतो. आकार ४ ते ६ मायक्रॉन, त्यामुळे वाळूच्या गाळणीतूनही पुष्कळदा निसटतो. जुलाब झालेल्या एका मुलाकडून तो पाण्यात येतो आणि ते पाणी गिळणाऱ्यांच्या पोटात जातो. फी भरली आहे, बॅच बुडेल, म्हणून आजारी मुलाला पाठवणे इतरांच्या मुलांवर अन्याय आहे. या परजीवीचे निदान झाले असेल, तर जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे पाण्यात उतरू नये.

मोलस्कम या विषाणूचे त्वचेवरचे फोड, पायांच्या बोटांमधली बुरशी यांसाठी स्वतःचा टॉवेल आणि चपला पुरतात. मेंदू खाणारा अमिबा नाकावाटे शिरतो. तो कोमट, क्लोरीन नसलेल्या पाण्यात सापडतो आणि त्याने होणारा आजार अत्यंत विरळा आहे.

कानाचे दुखणे पाणी नळीत साचून राहिल्याने होते. ओल्या त्वचेत बहुधा स्यूडोमोनास जंतू वाढतात. कानाची पाळी ओढली की कळ येते. पोहून झाल्यावर डोके एका बाजूला कलवून पाणी निथळू द्यावे, कान बाहेरून पुसावा, काडी घालू नये. दुखऱ्या कानात कोमट तेल सोडण्याची आपल्या घरांतली सवयही इथे टाळावी: पडद्याला छिद्र असेल, तर ते तेल थेट मध्यकर्णात उतरते.