रिकाम्या फायलींची राखण

आमच्या कोल्हापुरात, उद्यमनगरात, एकाच सुट्या भागाचं ओतकाम एका शेडमध्ये होतं आणि लेथकाम दुसऱ्यात. चिठ्ठीवर पुढच्या शेडचं नाव राहिलं, की माल जागेवरच पडून राहतो. सोलारिस या युनिक्स ऑपरेटिंग सिस्टिमवर नेटवर्कचा प्रोग्राम बांधताना असंच व्हायचं. कोड बिनचूक, तरी शेवटी प्रोग्रामचे तुकडे जोडणारा लिंकर अडायचा: नेटवर्कची जोडणी उघडणारं ‘सॉकेट’ हे फंक्शन सापडत नाही. बांधणीच्या आज्ञेत ‘लिबसॉकेट’ आणि ‘लिबएनएसएल’ या लायब्ररींची, म्हणजे तयार फंक्शन्सच्या फायलींची, नावं लिहायची राहिलेली असायची.

फाइल उघडणं, मेमरी मागणं, अक्षरं छापणं ही कामं मूळ सी लायब्ररी करते. मग नेटवर्कच बाहेर का? १९८३ साली बर्कले विद्यापीठाच्या ४.२ बीएसडी या युनिक्सनं सॉकेट थेट कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात आणलं, त्यामुळे तिथं वेगळी लायब्ररी लागली नाही. सोलारिस ज्यातलं, त्या युनिक्सच्या सिस्टिम व्ही घराण्यात नेटवर्क ‘स्ट्रीम्स’ या वेगळ्या रचनेवर उभं होतं. सॉकेट तिथं पाहुणं, म्हणून त्याला बाहेरची खोली.

लिनक्सवरच्या जीलिबसी या सी लायब्ररीनं ऑगस्ट २०२१ मध्ये, २.३४ आवृत्तीत, अशा बऱ्याच खोल्या मूळ घरात घेतल्या. थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणारी कामं, सांभाळणारी ‘लिबपीथ्रेड’ आली, प्रोग्राम चालू असतानाच नेटवर्कवरचे पत्ते शोधून ठेवणारी ‘लिबएएनएल’ही आली. नावावरून पत्ता काढणाऱ्या ‘लिबरिझॉल्व्ह’मधली काही फंक्शन्स तेवढी त्या खेपेला आत आली.

प्रोग्रामरची चिठ्ठी छोटी झाली, हा फायदा लगेच दिसतो. मला मात्र दुसरा फायदा मोलाचा वाटतो. या लायब्ररी आतून एकमेकींच्या खासगी गोष्टींवर विसंबून असतात, त्यामुळे त्या एकाच आवृत्तीच्या असाव्या लागतात. चालू यंत्रणा अद्ययावत करताना फायली एकामागून एक बदलतात. एक नवी आली आणि दुसरी अजून जुनीच आहे, नेमक्या त्या क्षणी एखादा प्रोग्राम सुरू झाला तर तो कोसळू शकतो. जेवढं एकाच फाइलमध्ये येतं, तेवढी ही फट बुजते.

जुन्या लायब्ररी पुसून मात्र टाकता येत नाहीत. जगभरच्या बांधणीच्या आज्ञांमध्ये त्यांची नावं आहेत, म्हणून जीलिबसी त्या नावांच्या रिकाम्या फायली आजही देते. आधीच बांधलेल्या प्रोग्रामच्या पोटात तर ‘लिबपीथ्रेड हवी’ असं कोरलेलंच असतं. त्यांच्यासाठीही त्या नावाची, जवळपास पोकळ फाइल जागेवर असते. कित्येक वर्षांपूर्वी बांधलेला प्रोग्राम येतो, त्याला हवं ते नाव सापडतं, आणि त्याचं काम आता दुसरीकडून होतंय हे त्याला कळतही नाही.